कोणत्या वयात किती पगार?



गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो, "काय, लागला का चिरंजीव नोकरीला? पॅकेज किती?" मागे एकदा आमच्या ओळखीतला एक मुलगा या प्रश्नाला उत्तर न देता, न जेवताच निघून गेला. त्याला वर्षाला २९ हजार पाउंडांची नोकरी लागली होती. घरी मात्र रोज वडिलांच्या मित्राच्या मुलीचे उदाहरण ऐकावे लागे. तिला लंडनच्या एका बँकेत पहिल्याच वर्षी ५० हजार मिळाले होते. मुलगा नाराज, वडील नाराज, आणि दोघांनीही खरे आकडे कधी पाहिले नव्हते. म्हणून हा लेख.

देशाचा आकडा

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीनुसार एप्रिल २०२४ मध्ये पूर्णवेळ नोकरदाराचा मध्यक पगार वर्षाला ३७,४३० पाउंड होता. म्हणजे निम्म्या लोकांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. यात तीस-तीस वर्षे नोकरी केलेले लोकही आले. लंडनबाहेर इंग्लंडमध्ये नव्या शिक्षकाची सुरुवात सप्टेंबर २०२४ पासून ३१,६५० पाउंडांवर होती. हे पाहिले की बाविसाव्या वर्षी २९ हजार हा अगदी नेहमीचा पगार आहे हे पटते. लंडनच्या बँका आणि मोठ्या वकिली कंपन्या जास्त देतात, पण तिथे जागा मोजक्याच असतात.

विशी, तिशी, चाळिशी

आपल्या आईवडिलांच्या पिढीने सरकारी किंवा बँकेच्या नोकऱ्या केल्या. दरवर्षी इन्क्रिमेंट, आणि सर्वांत मोठा पगार निवृत्तीच्या आदल्या महिन्यात. तेच चित्र आपल्या डोक्यात असते. इथले चित्र वेगळे आहे. विशीत पगार भराभर वाढतो, कारण माणूस शिकतो, परीक्षा देतो, नोकरी बदलतो. तिशीत वाढ मंदावते. देशाची आकडेवारी पाहिली तर चाळिशीत मध्यक पगार शिखरावर असतो आणि पन्नाशीनंतर थोडा उतरतो. तेव्हा पंचेचाळिशीत पगार थांबला तर ते केवळ आपलेच अपयश मानू नये. पण "पुढे वाढेलच" या भरवशावर मोठे कर्जही काढू नये.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. चाळिशीपर्यंत पूर्णवेळ नोकरीत स्त्री-पुरुषांच्या पगारात फरक कमी दिसतो, पुढे तो वाढतो. मुले लहान असताना घेतलेल्या सुट्टीचा आणि अर्धवेळ कामाचा यात मोठा वाटा आहे. नोकरी कोणी कमी करायची हे ठरवताना घरात हा हिशोब जरूर मांडावा.

हातात किती येतात?

स्कॉटलंडचे टॅक्सचे दर वेगळे आहेत. बाकी ब्रिटनमध्ये २०२५-२६ च्या दरांनी, पेन्शन कापण्यापूर्वी, साधारण असे:

- ३५ हजार पगार: महिन्याला सुमारे २,३९३ पाउंड
- ६० हजार: सुमारे ३,७८० पाउंड
- १ लाख: सुमारे ५,७१३ पाउंड

म्हणजे ३५ चे ६० हजार झाले तर पगार ७१ टक्के वाढतो, पण हातातली रक्कम ५८ टक्केच. ऑगस्ट २०२३ नंतर इंग्लंडमध्ये कॉलेज सुरू केलेल्या मुलांचे स्टुडंट लोन २५ हजारांवरच्या कमाईच्या ९ टक्के दराने कापले जाते. ३५ हजारांवर ते महिन्याला ७५ पाउंड होतात.

एक लाखाच्या पुढे तर गंमतच आहे. १ लाख ते १,२५,१४० या टप्प्यात करमुक्त रक्कम हळूहळू जाते आणि वरच्या प्रत्येक पाउंडावर ६० टक्के टॅक्स पडतो. शिवाय आई किंवा वडील, एकाचेही उत्पन्न लाखाच्या वर गेले तर लहान मुलांसाठी मिळणारे नोकरदार पालकांचे ३० तासांचे मोफत बालसंगोपन बंद होते. दोघांना ९५-९५ हजार असले तर मात्र ते मिळते! पेन्शनमध्ये जास्त भरले तर हे उत्पन्न खाली आणता येते. प्रमोशनच्या आधी हा हिशोब करावा.

तिशी-चाळिशीत इकडे आलेल्यांसाठी

भारतातला पगार पाउंडांत किंवा इथला रुपयांत करून तुलना करू नये, कारण घरभाडे पाउंडांतच द्यायचे असते. इथल्या पूर्ण सरकारी पेन्शनसाठी नॅशनल इन्शुरन्सची ३५ वर्षे लागतात, आणि निदान १० तरी हवीतच. चाळिसाव्या वर्षी आलेल्या माणसाची ६७ पर्यंत २७ वर्षेच भरतात. तेव्हा कंपनीच्या पेन्शनमध्ये पहिल्या महिन्यापासून भरलेले बरे.

आता पुन्हा त्या मुलाबद्दल. दोन वर्षांनी त्याने नोकरी बदलली, पगारही वाढला. पण तो आजही मंडळात येताना बिचकतो. यंदा रांगेत तो भेटला तर पॅकेज विचारू नका. "काम आवडतंय का? काय शिकतोयस?" एवढेच विचारा, आणि एक मोदक जास्त वाढा.