सूर्य उशिरा उठतो ते दिवस

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातलं ईट हे बालाघाटच्या पठारावरचं गाव. भोवती काळी रानं, त्यांत ज्वारी, हरभरा, करडई. या गावात 1 जानेवारीला कुणी संकल्प सोडला, की उद्यापासून सूर्य उगवायच्या आत उठायचं, तर त्याला सूर्याकडूनच रोज थोडी जास्त सवलत मिळत जाते. कारण पुढचे दोन आठवडे सूर्य दररोज आदल्या दिवसापेक्षा जरा उशिरा उगवतो!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नाही. वर्षातला सर्वांत लहान दिवस 22 डिसेंबरच्या आसपासचा, त्यानंतर दिवस वाढू लागतो, हे शाळेत शिकलेलं. ते खरंच आहे. पण सुरुवातीला दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. ईटला 22 डिसेंबरला सूर्योदय सात वाजायला पाचेक मिनिटं कमी असताना होतो, आणि संक्रांतीच्या सुमारास तो सातच्या पुढे सरकलेला असतो. वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला येतो. याचं एक कारण असं, की साधारण 3 ते 5 जानेवारीच्या दरम्यान पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असते आणि आपल्या कक्षेत सर्वांत वेगाने धावत असते. त्यात तिच्या अक्षाच्या कलण्याची भर पडते. त्यामुळे या दिवसांत एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत 24 तासांहून जवळपास अर्धं मिनिट जास्त लागतं. घड्याळ मात्र 24 तासांचंच. म्हणून उगवतीही पुढे सरकते आणि मावळतीही.

सूर्याच्या सर्वांत जवळ असताना आपल्याकडे सर्वांत जास्त थंडी, हेही नवलच. पठारावरची रात्र निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडून देते, तिला अडवायला ढग नसतो. पहाटे अंगावर काटा आणि दुपारी अंगातला स्वेटर नकोसा, असं एकाच दिवसात होतं ते यामुळे.

1 जानेवारीला वर्ष सुरू करायचं हे रोमनांनी ठरवलं. इसवी सनापूर्वी 45 मध्ये ज्युलियस सीझरच्या पंचांगाने ते पक्कं केलं. इथल्या शेताला त्या तारखेचं काहीच नाही. आपलं वर्ष सुरू होतं पाडव्याला, झाडांना पालवी फुटल्यावर. जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात अमेरिकेतल्या 200 जणांच्या नववर्षाच्या संकल्पांचा मागोवा घेतला होता. आठवडाभर 77 टक्के टिकले, दोन वर्षांनी 19 टक्के उरले. ज्यांचा संकल्प सुटला, त्या माणसांची इच्छाशक्ती मला कमी वाटत नाही. पण मार्गशीर्ष-पौषात अंगाला नेमकं काय हवं असतं, हे विचारून पाहण्यासारखं आहे, आणि धाराशिव-लातूरकडे त्याची उत्तरं ताटात वाढलेली सापडतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्या आहे. तिथे म्हटलंय, की हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो आणि त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातलाच रस जाळू लागतो. म्हणून स्निग्ध खा, अंगाला तेल लावा, उबेत राहा. थंडीत ऊब टिकवायला शरीराला जास्त इंधन लागतं हे आजचं शरीरशास्त्रही सांगतं. मोठ्या माणसांच्याही मानेभोवती उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी कार्यरत असते, हे 2009 मध्ये पक्कं झालं. तोवर ती मुख्यतः तान्ह्या बाळांचीच मानली जाई. अशा वेळी नेमका उपासाचा नाहीतर अर्धपोटी राहण्याचा संकल्प करणं मला क्रूर वाटतं.

जिल्ह्याच्या पूर्वेकडे, तुळजापूर-लोहारा-उमरगा भागात आणि शेजारच्या लातुरात, मार्गशीर्ष अमावस्येला येळवशीचा सण असतो. तिची तारीख चंद्राची, त्यामुळे 2024 साली ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला; 2026 साली येतच नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप करून पूजा होते आणि मग पंगत बसते. भज्जीत तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा, पावटा असं रानातलं जे जे मिळेल ते चिंच-बेसनात शिजलेलं. सोबत बाजरीचे उंडे, खीर आणि मातीच्या बिंदग्यातली आंबील. ज्वारी-बाजरीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत भरपूर; म्हणजे उंडा आणि भज्जी एकमेकांची उणीव भरून काढतात. आंबील आंबते तेव्हा सूक्ष्मजीव पिठातलं फायटेट कमी करतात, आणि त्यामुळे धान्यातलं लोह शरीराला सहज घेता येतं.

ज्वारीच्या रानात गेलात तर ताटाच्या कांड्यावरून अंगठा फिरवून पाहा. पांढरी भुकटी बोटाला लागते. तो मेणाचा थर. रब्बीची ज्वारी बहुतेक कोरडवाहू. पाऊस संपल्यावर काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर ती पोसते. माती वरून भेगाळत जाते आणि मुळं खोल उतरत राहतात. मोहोळहून आलेली मालदांडी ही ज्वारीची जात यासाठीच इतकी वर्षं टिकली आहे. ती ओल पानांतून आणि ताटांतून उडून जाऊ नये म्हणून हे मेण. आपल्या कातडीचंही तसंच असतं. थंड हवेत मुळात वाफ कमी. दुपारी ती तापली की आणखी कोरडी होते आणि अंगातलं पाणी ओढून घेते. टाचा आणि ओठ फुटतात ते त्यामुळे. अंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच तेलाचा हात फिरवला, तर आतलं पाणी आतच राहतं. या पट्ट्यात करडईचं तेल पूर्वापार घरचं. त्यात लिनोलेइक आम्ल सर्वांत जास्त, आणि कातडीचा पाणी अडवणारा थर बांधायला शरीराला नेमकं तेच लागतं, स्वतःला ते तयार करता येत नाही. शेतातली करडई आणि माणसाची कातडी यांची अशी गाठ पडावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खाण्याइतकीच झोपही मोलाची. आपलं आतलं घड्याळ बहुतेकांचं 24 तासांहून किंचित जास्त लांबीचं असतं, सकाळचा उजेड ते रोज लावून देतो. ते काम कोवळं ऊन उत्तम करतं. पण ड जीवनसत्त्व त्याच उन्हातून मिळतं हा समज मात्र चुकीचा. या दिवसांत सकाळी आठला आपली सावली उंचीच्या चौपटीहूनही लांब असते. इतक्या तिरप्या उन्हातली आवश्यक अतिनील किरणं हवेतच गळून जातात. सावली आपल्या उंचीहून लहान असेल तेव्हा ती पुरेशी पोचतात. लंडनमध्ये डिसेंबरभर अशी वेळ येतच नाही. ईटला 22 डिसेंबरलाही दुपारी साडेबाराच्या आगेमागे पाच फुटी माणसाची सावली साडेचार फुटांची पडते. येळवशीची पंगत रानात बसते तीही दुपारचीच. कुणी हे मोजून ठरवलं असेल असं म्हणायचं नाही, पण ऊन अंगावर पडायचं ते पडतंच.

म्हातारपणी कातडीची ड जीवनसत्त्व बनवण्याची ताकद घटते, आणि नेमकी तीच माणसं सकाळी आठला शाल गुंडाळून ओट्यावर बसतात नि ऊन चढलं की आत जातात. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांची खुर्ची दुपारी पुन्हा अंगणात मांडा. खिडकीच्या काचेआड नको, काच ती किरणं अडवते. डोक्यावर टोपी किंवा पदर असू द्या, दंड आणि पोटऱ्या उघड्या ठेवा, आणि ऊन चटका देऊ लागलं की खुर्ची सावलीत ओढा.