विमान सोलापुरात उतरले; आपल्या पदरात काय?



मोडनिंबला ऊसनोंदीच्या निमित्ताने चार सभासद जमले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "सोलापूरला विमान आलं म्हणतात, पण आपल्या पदरात काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे, असे आम्हांस वाटते.

होटगी रस्त्यावरील जुन्या विमानतळाचे नूतनीकरण होऊन २९ सप्टेंबर २०२४ रोजी उद्घाटन झाले. ९ जून २०२५ पासून गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली. परंतु त्याआधी, १५ जून २०२३ रोजी, उड्डाणास अडथळा म्हणून श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली. त्या कारखान्याला ऊस घालणारे आपल्यासारखेच शेतकरी. म्हणजे या विमानतळाची किंमत काही अंशी ऊस उत्पादकानेही मोजली आहे. तेव्हा त्याच्या भवितव्याविषयी बोलण्याचा हक्कही त्याला आहे.

विमानतळाचे गणित कारखान्यासारखेच. गाळप क्षमता कितीही असो, गव्हाणीत ऊस पडला नाही तर खर्च अंगावर येतो. सोलापूरहून मुंबईचे विमान पूर्वीही सुरू झाले होते आणि बंद पडले होते. तिकीट आवाक्यात राहावे म्हणून सरकार कंपन्यांची तूट भरून देते. पण ती मदत ठराविक मुदतीची. पुढे प्रवाशांनीच विमान भरले पाहिजे.

आता मालाचे बोलू. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणून डाळिंबाचे ट्रकच्या ट्रक विमानात चढतील, असे कुणी सांगितले तर भुलू नये. ही विमाने सत्तर-पंचाहत्तर आसनांची. त्यांत माल मावणार किती? जड मालाला रेल्वेच बरी. आपल्याच कुर्डुवाडी-मिरज मार्गावरील सांगोल्याहून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे बंगालमधील शालिमारला निघाली, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

मग विमानाचा उपयोग काय? परगावचा खरेदीदार बागेपर्यंत लवकर येईल. ऐन हंगामात यंत्र बंद पडले तर तंत्रज्ञ नि सुटा भाग लवकर पोचेल. गाळपात एकेका तासाचे मोल काय, हे आपणांस सांगायला नको.

आणखी एक वाट दूरची, पण आपल्या उसाची आहे. इथेनॉलपासून विमानाचे इंधन करता येते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात देशी शेतमालापासून केलेले इंधन एक टक्क्यापर्यंत मिसळले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ साली एक टक्का आणि २०३० साली पाच टक्के, असे केंद्राचे उद्दिष्ट आहे. हे इंधन अजून महाग आहे, म्हणून त्यावर आजच उड्या मारू नयेत. पण डोळा ठेवावा.

आपण मागायचे ते एवढेच : शेतमालासाठी विमानतळावर छोटी शीतखोली, मुंबईला जाऊन काम उरकून परतता येईल असे वेळापत्रक आणि महामार्गावरून थेट एस.टी. मागितल्याशिवाय कोण देतो? सभासदांनी आपली मते गट कार्यालयात लेखी द्यावीत, ही विनंती.