पुन्हा पहिल्यापासून – लेखांक 2 : दोन शिक्षकांचा विद्यार्थी

गेल्या आठवड्यात आपण 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या जन्माची हकिकत पाहिली. कल्पना सिडनी न्यूमन यांची, निर्माती अवघ्या 27 वर्षांच्या व्हेरिटी लॅम्बर्ट आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक लखनौत जन्मलेले, 24 वर्षांचे वारिस हुसेन. आता प्रत्यक्ष भागांकडे वळू. बीबीसीने सुरुवातीला 13 भागांपुरतीच तयारी दाखवली होती. 23 नोव्हेंबर 1963 ते 15 फेब्रुवारी 1964 या काळात दर शनिवारी एक, असे ते दाखवले गेले. चार भागांची एक कथा, मग सात भागांची, मग दोन भागांची.

या तिन्ही कथा सलग पाहिल्या तर लक्षात येतं, की इथे नायक डॉक्टर नाहीच. नंतरच्या अनेक दशकांत जगं वाचवणारा, दुबळ्यांच्या बाजूने उभा राहणारा डॉक्टर प्रेक्षकांनी पाहिला, पण विल्यम हार्टनेल यांचा हा पहिला डॉक्टर संशयी, आढ्यताखोर आणि वेळप्रसंगी धोकादायक आहे. नायक आहेत लंडनच्या कोल हिल शाळेतले दोन शिक्षक: विज्ञान शिकवणारा इयन चेस्टरटन आणि इतिहास शिकवणारी बार्बरा राइट.

पहिल्या भागाची सुरुवातही त्यांच्याच नजरेतून होते. सुझन ही त्यांची विद्यार्थिनी काही विषयांत शिक्षकांच्याही पुढे आहे, पण ब्रिटनमध्ये किती शिलिंगांचा पौंड होतो हे तिला ठाऊक नाही. इथे दशमान चलन आहे असंच ती समजून चालते. ब्रिटनमध्ये ते 1971 मध्ये आलं. (आपल्याकडे नवे पैसे 1957 मध्येच सुरू झाले होते, तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकाला तिच्या उत्तरात वावगं वाटलं नसतं.) काळजीपोटी दोघे तिच्या मागोमाग एका भंगाराच्या आवारात जातात आणि तिथल्या निळ्या पोलिस बॉक्सच्या दारातून आत घुसतात. बाहेरून कपाटाएवढी दिसणारी ती पेटी आतून प्रशस्त निघते. हेच टार्डिस, काळातून आणि अवकाशातून फिरणारं यान. बाहेर जाऊन हे दोघे सगळ्यांना सांगतील या भीतीने सुझनचा आजोबा असलेला डॉक्टर त्यांना चक्क पळवून नेतो. ही मैत्री अपहरणातून सुरू झाली, हे आज विसरायला होतं.

हा भाग दोनदा चित्रित झाला. सप्टेंबर 1963 मधलं पहिलं चित्रण न्यूमन यांना पसंत पडलं नाही. त्यात यानाची दारं नीट मिटत नव्हती, पण खरी अडचण होती डॉक्टरचा स्वभाव. तो फारच कडवट वाटत होता. सुदैवाने ते चित्रण टिकून आहे. ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या चित्रणाशी ते ताडून पाहिलं, की हार्टनेल किती सूक्ष्मपणे अभिनय बदलतात ते कळतं. संवाद बरेचसे तेच आहेत, पण दुसऱ्या वेळी तुच्छतेच्या जागी खोडकर कुतूहल येतं. डॉक्टर अजूनही विश्वासार्ह नाही, पण त्याच्या मागे जावंसं वाटतं.

पुढचे तीन भाग अश्मयुगात घडतात. अग्नी कोणाच्या ताब्यात, म्हणून टोळीप्रमुख कोण, हा वाद खूप ताणला आहे. पण तिसऱ्या भागातल्या जंगलात एक प्रसंग येतो, त्यासाठी हा सगळा कंटाळा सोसावा. त्यांचा पाठलाग करणारा टोळीतला झा जनावराच्या हल्ल्यात जखमी होऊन पडतो. पळून जायची ही उत्तम संधी असते. बार्बरा मात्र मागे फिरते, कारण माणूस मरतो आहे. सगळे त्याची शुश्रूषा करत असताना डॉक्टर हळूच एक टोकदार दगड उचलतो. इयन त्याचं मनगट धरतो. डॉक्टर म्हणतो, झाकडून मातीवर वाटेचा नकाशा काढून घ्यायचा होता. त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवत नाही, आपणही नाही.

मग येते टेरी नेशन यांची डालेकांची कथा. मालिकेचं नशीब हिनेच पालटलं. मालिकेच्या पहिल्या भागाला सुमारे 44 लाख प्रेक्षक होते, ही कथा संपेपर्यंत तो आकडा एक कोटीच्या वर गेला. रेमंड क्यूसिक यांनी घडवलेल्या त्या चेहराहीन यंत्रदेहांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इथे वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. सगळे डालेकांच्या तावडीत सापडतात ते डॉक्टरच्या खोटेपणामुळे. त्याला ते निर्मनुष्य भासणारं शहर पाहायचं असतं, म्हणून यानाच्या एका भागातला पारा संपल्याची बतावणी तो करतो. त्या हट्टापायी चौघांनाही किरणोत्साराची बाधा होते.

तिसरी कथा केवळ दोन भागांची, 'द एज ऑफ डिस्ट्रक्शन'. तेरा भागांचा हिशेब जुळवण्यासाठी कथा-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी ती लिहिली. पात्रं चारच, आणि सगळं यानाच्या आतच घडतं. माझ्या मते मालिकेचा पाया इथे पक्का झाला. यान बिघडतं आणि डॉक्टर शिक्षकांवर घातपाताचा आरोप करतो, त्यांना बाहेर काढायची धमकी देतो. तेव्हा बार्बरा उसळते. अश्मयुगातल्या गुहेत आणि डालेकांच्या शहरात आम्ही नसतो तर तुम्ही वाचला नसता, हे ती त्याला तोंडावर सुनावते. बार्बरा साकारणाऱ्या जॅकलिन हिल यांचा तो संताप आज पाहतानाही अंगावर येतो. वितळलेली घड्याळं आणि इतर विचित्र खुणा जोडून, यान आपल्याला सावध करतंय हे ओळखतेही तीच. दोष निघतो एका बटणाच्या अडकलेल्या स्प्रिंगमध्ये. शेवटी डॉक्टर तिच्याकडे येतो आणि आपलं चुकलं हे कबूल करतो. सवय नसल्याने त्याला ते जड जातं, आणि हार्टनेल ते जडपण लपवत नाहीत.

इथून पुढचा डॉक्टर वेगळा आहे. त्यानंतरची कथा 'मार्को पोलो'. तिचे बहुतेक भाग पुन्हा वारिस हुसेन यांनीच दिग्दर्शित केले. पण त्या कथेच्या सातही भागांची चित्रमुद्रणं आज उपलब्ध नाहीत. प्रसारणाच्या वेळी प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवलेला आवाज आणि छायाचित्रं मात्र उरली आहेत. त्यांच्या आधारे ती कथा कशी पाहायची, ते पुढच्या लेखांकात.