मंदी, मदत आणि काळा माणूस

मंदी सगळ्यांवर येते. पण सगळ्यांवर सारखी येत नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील दर चार कामगारांपैकी एक बेकार झाला. दक्षिणेत कापसाची शेती अर्धलीने करणाऱ्या काळ्या माणसाला उपासमार नवी नव्हती. नवे एवढेच होते की, ज्या कामाला गोरा आजवर हात लावत नव्हता ते झाडूचे, हमालीचे कामही आता तो मागू लागला. कामावर घेताना काळा शेवटी आणि काढताना पहिला, ही तिथली रीत होती.

मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि ‘न्यू डील’ नावाने ओळखले जाणारे मदतीचे कार्यक्रम सुरू झाले. त्यांचे गुणगान पुष्कळ झाले आहे. आपण ते वाचताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत. मदतीचा हजेरीपट कोणाच्या हातात होता? आणि त्याच काळात काळ्या माणसाचे चित्र कोण रंगवत होते? पहिला प्रश्न भाकरीचा, दुसरा संस्कृतीचा. हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

१

कापसाचे भाव चढावेत म्हणून १९३३ मध्ये सरकारने एक कोटीहून अधिक एकर उभ्या पिकावर नांगर फिरवायला लावला आणि त्याची भरपाई दिली. भरपाईतील कुळाचा वाटा मालकाने कुळाला द्यावा, अशी अपेक्षा होती. वाटप पाहणाऱ्या स्थानिक समित्या मालकवर्गाच्याच होत्या. पुष्कळ मालकांनी पैसे ठेवून घेतले आणि जमीन कमी कसायची म्हणून कुळांनाच हुसकावून लावले. याविरुद्ध जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातील टायरोंझा येथे काळ्या व गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन संघटना उभारली. मालकांनी तिला मारहाणीने उत्तर दिले.

बेकार तरुणांसाठी वनीकरणाच्या छावण्या निघाल्या. त्यांच्या कायद्यात वर्णभेद करू नये, असे कलम होते. काँग्रेसमधील त्या वेळचे एकमेव काळे सभासद ऑस्कर डी प्रीस्ट यांनी ते घालून घेतले होते. तरीही १९३५ पासून काळ्यांच्या छावण्या वेगळ्या करण्यात आल्या. भेद करायचा नाही म्हणजे एकत्र ठेवायचे असे नव्हे, असा अर्थ अधिकाऱ्यांनी लावला. कलम कागदावर राहिले.

त्याच वर्षी सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि बेकारभत्ता त्यातून मिळणार होता. पण शेतमजूर आणि घरकाम करणारे नोकर त्यातून वगळले होते. काळ्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक याच दोन कामांत होते. कायद्यात वर्णाचा उल्लेख करण्याची गरजच पडली नाही. हे वगळणे हेतुपुरस्सर होते की कारभाराच्या सोयीचे, यावर इतिहासकारांत वाद आहे. परिणामाविषयी वाद नाही.

असे का झाले? दक्षिणेत काळ्याला मताचा हक्क व्यवहारात नव्हता. तिथून निवडून येणारे गोरे सभासद वर्षानुवर्षे काँग्रेसमध्ये बसत आणि महत्त्वाच्या समित्या त्यांच्या हाती असत. त्यांच्या मतांवाचून रूझवेल्टचा एकही कायदा पुढे सरकत नव्हता. त्याची किंमत काळ्यांनी मोजली. तरीही १९३६ च्या निवडणुकीत उत्तरेतील बहुसंख्य काळ्या मतदारांनी लिंकनचा पक्ष सोडून रूझवेल्टला मत दिले. आजवर काहीच हाती पडत नव्हते. आता थोडे तरी पडत होते. या मताला कृतज्ञता म्हणून सोडून देता येणार नाही. तो उपाशी माणसाचा हिशेब होता.

२

लोकांच्या करमणुकीत काय चालले होते? रेडिओवर ‘एमॉस अँड अँडी’ ही मालिका अतोनात गाजत होती. तिच्यातील दोन काळी पात्रे दोन गोरे नट आवाज बदलून रंगवत. काळ्याचे अडाणीपण हाच विनोद. १९३१ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरियर’ या काळ्यांच्या वृत्तपत्राने तिच्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. मालिका चालूच राहिली.

सिनेमात काळा माणूस आळशी नोकर, काळी बाई मायाळू दाई. ‘गॉन विथ द विंड’मधील दाईच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना फेब्रुवारी १९४० मध्ये ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या कलावंत. त्या समारंभात त्यांचे टेबल वेगळे होते. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटातील पहिल्या खेळाला तर त्यांना जाताच आले नव्हते. पडद्यावर जी घरकाम करणारी बाई लाडकी, तीच प्रत्यक्षात निवृत्तिवेतनाच्या कायद्याबाहेर. हा योगायोग नाही. सतत हसतमुख दिसणाऱ्या नोकराला हक्क हवेत, असे कोणाला वाटणार?

काळ्यांची स्वतःची लोककला मात्र वेगळे बोलत होती. केसी बिल वेल्डन या गायकाने १९३६ मध्ये ‘डब्ल्यूपीए ब्लूज’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. डब्ल्यूपीए म्हणजे बेकारांना काम देणारे सरकारी खाते. गाण्यातला माणूस तक्रार करतो ती काम न मिळाल्याची नव्हे. खात्याची माणसे तो राहतो तेच घर पाडायला आली आहेत, याची. मदतीचा असा अनुभव सरकारी अहवालात सापडत नाही.

३

या अंधारात एक फट उघडली. याच डब्ल्यूपीएने १९३५ मध्ये लेखक, नट, गायक, चित्रकार यांनाही मजुरी देण्याचे ठरवले. अट अशी की, बहुतेकांना आधी आपण कंगाल असल्याचे सिद्ध करावे लागे. या हजेरीपटावर रिचर्ड राईट, राल्फ एलिसन, मार्गारेट वॉकर, झोरा नील हर्स्टन यांची नावे होती. राईट यांचा ‘अंकल टॉम्स चिल्ड्रन’ हा कथासंग्रह १९३८ मध्ये आला, तो याच प्रकल्पातील लेखकांसाठी ठेवलेल्या स्पर्धेत बक्षीस मिळवून.

हार्लेममधील लफाएत नाट्यगृहात १४ एप्रिल १९३६ रोजी काळ्या नटसंचाने ‘मॅकबेथ’ उभे केले. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स गोरे होते. पण नोकराची भूमिका करणारा समाज त्या रात्री राजा झाला होता.

१९३६ ते १९३८ या काळात सतरा राज्यांत तेवीसशेहून अधिक माजी गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. त्या वाचताना सावध राहावे. लिहून घेणारे बहुतेक गोरे होते. कधी कधी जुन्या मालकाच्या ओळखीतले. सांगणारे ऐंशीच्या पुढचे, उपाशी. सरकारचा माणूस आला म्हणजे निवृत्तिवेतन मिळेल, अशी कित्येकांची आशा. अशा वेळी म्हातारा मालकाला वाईट कसे म्हणणार? व्हर्जिनियात काळ्यांचेच पथक हे काम करत होते, तिथे चाबकाच्या आणि विक्रीच्या हकिकती अधिक मोकळेपणाने आल्या. प्रश्न तोच, सांगणारा एकच. पण ऐकणारा बदलला की इतिहास बदलतो.

ही फट फार दिवस राहिली नाही. अब्राम हिल आणि जॉन सिल्व्हेरा या दोन काळ्या लेखकांनी गुलामगिरीपासूनचा इतिहास मांडणारे ‘लिबर्टी डिफर्ड’ हे नाटक लिहिले. ते रंगभूमीवर आलेच नाही. नाट्यप्रकल्पात साम्यवादी शिरले आहेत, असा काँग्रेसच्या डाइज समितीत गवगवा झाला. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र काम करणे हाही त्यात आक्षेपाचा मुद्दा होता. ३० जून १९३९ रोजी तो प्रकल्प बंद झाला. शेकोटीपुरते लाकूड द्यायला सरकार तयार होते, मशालीपुरते नव्हे.

४

राईट आणि एलिसन ही नावे आपल्याला परकी नाहीत. डॉ. म. ना. वानखडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याची ओळख मराठीला करून दिली. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावही तिकडच्या चळवळीवरून घेतले. पण आपण त्या साहित्यातला विद्रोह वाचला, त्यामागचा हजेरीपट फारसा पाहिला नाही.

तो पाहिला की दोन गोष्टी कळतात. मदत उदार असली तरी ती वाटणारा हात जुन्या मालकाचा असेल, तर जुनी व्यवस्थाच सरकारी पैशाने पक्की होते. आणि शोषिताला भाकरीबरोबर लेखणीची मजुरी मिळाली, तर तीन-चार वर्षांतही तो असे काही लिहून ठेवतो की, प्रकल्प बंद झाला तरी ते पुसता येत नाही. म्हणून मदतीच्या कोणत्याही योजनेकडे पाहताना रकमेच्या आधी हे विचारावे: यादी कोण करतो, वगळले कोण, आणि वगळलेल्यांची हकिकत कोण लिहून घेतो.