पाटाचे पाणी मुरते कुठे?

धरणातून सुटलेले सगळे पाणी पिकाला मिळते असे आपण धरून चालतो. पण वाटेत मातीचा पाटच ते पीत असतो. शेपटाकडच्या शेतकऱ्याची पाळी येते तेव्हा चारीत जेमतेम धार उरते. आणि वरच्या अंगाला पाटाकडेची काळी जमीन पाणथळ होऊन चोपण बनते. एकाचे पीक पाण्यावाचून जाते, दुसऱ्याची जमीन पाण्यापायी जाते. नीरा-प्रवरेच्या कालव्यांखालच्या मंडळींना हे सांगायला नको.

मुरते तरी किती? गुरुजींनी मुलांकडून मोजून घ्यावे. पाटकऱ्याला विचारून, पाळी संपल्यावर, चारीचा १०० फुटांचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून पाण्याने भरा. काठी रोवून तिच्यावर खूण करा. समजा, सरळ काठाची चारी ४ फूट रुंद आहे आणि रात्रीत पाणी ६ इंच उतरले. म्हणजे २०० घनफूट, सुमारे ५,६६० लिटर पाणी गेले! रात्री ऊन नसते. तेव्हा हे बहुतेक सारे मुरलेलेच.

यावर उपाय अस्तराचा. सिमेंट काँक्रीट टिकाऊ खरे, पण खर्चाचे. शिवाय काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरचे काँक्रीट तडकते. म्हणून मध्ये न फुगणाऱ्या, चिकट मुरमाड मातीचा थर चांगला चोपून घालावा लागतो. मुंबईच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक कट्टी यांनी या थराचा शास्त्रीय अभ्यास केला.

फरशी जवळपास निघत असेल तर सांधे सिमेंटने भरून ती बसवावी. पंजाबात भाजलेल्या विटांचे अस्तर वापरात आले. प्लॅस्टिकचा कागद पाणी चांगले अडवतो. पण उन्हाने तो कुजतो आणि गुरांच्या खुराने फाटतो. त्याच्यावर माती किंवा विटा हव्यातच. आणि हे काहीच जमत नसेल, तर चिकण माती ओलवून धुमसाने ठोकली तरी गळती कमी होते.

कोणी म्हणेल, "पाट पाझरतो म्हणून तर माझ्या विहिरीला पाणी आहे!" तेही खोटे नाही. म्हणून गावाने एकत्र बसून ठरवावे. जिथे जमीन बिघडते आहे, तिथे अस्तर आधी घालावे. जिथे पाझर विहिरींना लागतो, तिथे विचार करून घालावे. मात्र शेपटाकडच्या माणसाला त्या बैठकीत बोलावायला विसरू नका. पाणी त्याचेच कमी पडते आहे.