मोटारीतील कुबट वास

मृग नक्षत्राचा पाऊस पडून गेला, की वर्ध्यातील मोटार असलेल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. एसी सुरू करताच ओल्या पायपुसण्यासारखा वास येतो. दोन-चार मिनिटांत तो कमी होतो आणि घरची मंडळी तो विसरूनही जातात. मागच्या आसनावर बसलेल्या, दम्याचा विकार असलेल्या आजोबांना मात्र तो विसरता येत नाही. तपासणीसाठी सेवाग्राम, सावंगी, नाही तर थेट नागपूर, अशी ये-जा आपल्याकडील ज्येष्ठांना वारंवार करावी लागते. नागपूरचा रस्ता सुमारे पाऊणशे किलोमीटरचा. म्हणजे बंद काचांआड दीड तास. त्या काळात ते कोणती हवा घेतात, याची चौकशी घरातील कोणी तरी करावयास हवी.

विदर्भातील माणसाला हा वास तसा नवा नाही. गेल्या हंगामातील वाळ्याच्या ताट्या न बदलता कूलर सुरू केला, तर येणाऱ्या वासाचा हा सख्खा भाऊ आहे. फरक इतकाच, की कूलरमध्ये पाणी आपण ओततो, तर मोटारीत ते हवेतूनच येते. डॅशबोर्डामागे एक थंड जाळी असते. मेकॅनिक तिला कूलिंग कॉइल म्हणतात. पाण्याने भरलेल्या थंड तांब्यावर जसे थेंब जमतात, तसे हवेतील बाष्प या कॉइलवर जमते आणि एका बारीक नळीतून गाडीखाली टपकते. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते, की हे पाणी फारसे जमत नाही. जून लागताच चित्र पालटते. गाडी बंद केल्यावर ओली कॉइल अंधारात, उबेत तशीच राहते. तिच्यावर चिकटलेली धूळ आणि परागकण हे बुरशी व जिवाणूंचे आयते अन्न.

तेव्हा उभ्या गाडीखाली स्वच्छ पाण्याचे ओघळ दिसले, तर घाबरू नये. ते यंत्रणा नीट चालल्याचे लक्षण आहे. उलट पावसाळ्यात एसी तासभर चालूनही खाली थेंब पडत नसेल आणि पुढच्या आसनाजवळची चटई ओलसर लागत असेल, तर ती नळी तुंबलेली आहे असे समजावे.

निरोगी माणसाला या वासाने बहुधा चार शिंका येतात, इतकेच. परंतु दमा, जुना श्वासनलिकादाह, बुरशीची अ‍ॅलर्जी असलेल्यांना, केमोथेरपी सुरू असलेल्यांना किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना तो क्षुल्लक नव्हे. आपण एवढेच टिपून ठेवा : खोकला, छातीतील घरघर किंवा डोळ्यांची आग प्रत्येक मोटारप्रवासानंतर वाढते काय, आणि घरी असलेल्या दिवशी शमते काय? क्वचित प्रवासानंतर चार-सहा तासांनी ताप, धाप आणि अंगदुखी सुरू होते व दुसऱ्या दिवशी ओसरते. असे पुन्हापुन्हा घडले, तर ‘साधा व्हायरल’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना औषधांच्या यादीसोबत गाडीतील वासाविषयीही सांगावे; आम्ही ते आपणहून विचारतोच असे नाही.

वास आला, की डॅशबोर्डावर सुगंधी बाटली आणून ठेवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. त्याने बुरशी जात नाही, केवळ झाकली जाते. शिवाय तीव्र सुगंधानेच कित्येकांचा दमा उफाळतो. डांबरगोळ्या तर गाडीत कदापि ठेवू नयेत. त्यांची वाफ बंद जागेत अपायकारक असते.

खरा उपाय म्हणजे कॉइल कोरडी ठेवणे, आणि तो फुकटचा आहे. मुक्काम पाच मिनिटांवर आला, की एसीचे बटण बंद करावे, पंखा मात्र चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्यावी. त्याच पाच मिनिटांत कॉइल बरीचशी वाळते. ओल्या छत्र्या आणि रेनकोट गाडीत ठेवून देऊ नयेत; उघडीप मिळताच चटया उन्हात टाकाव्यात. आतली हवा फिरवणारे बटण गाडी लवकर थंड होण्यासाठी ठीक आहे. मात्र चार माणसे बसलेली असताना ते तासन्‌तास चालू ठेवले, तर ओल साठते, कोंदटपणा वाढतो आणि चालकासही जडपणा येतो. केबिन फिल्टर वर्षातून एकदा तरी बदलावा, धुळीच्या रस्त्यांवर वावर असेल तर त्याहून लवकर. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो. हवेच्या झोताने झटकून पुन्हा बसवलेला जुना फिल्टर म्हणजे नवा फिल्टर नव्हे; काढलेला फिल्टर दाखवण्यास सांगावे. एवढ्यानेही वास राहिला, तर कॉइल आणि नळी साफ करून घ्यावी. त्यासाठी फवारलेल्या रसायनाचा दर्प पूर्ण जाईपर्यंत ज्येष्ठांना त्या गाडीत बसवू नये.

हे वाचून कोणी नवतपात एसी बंद ठेवून आजीला नागपूरला नेऊ नये. त्या उन्हात उष्माघाताचे भय बुरशीपेक्षा पुष्कळ मोठे आहे. आधी चारही दारे उघडून कोंडलेली झळ बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. आणि दुकानात पाचच मिनिटांचे काम असले, तरी त्यांना बंद गाडीत एकटे सोडू नये.

सर्वच वास बुरशीचे नसतात. गोडसर वास येऊन काचेवर आतून चिकट धुके धरत असेल, तर इंजिन थंड ठेवणारे द्रव गळत असण्याचा संभव आहे. ते विषारी असते. धुराचा वास आत येत असेल, तर काचा उघडून गाडी थांबवावी, सर्वांना खाली उतरवावे आणि दुरुस्तीशिवाय पुन्हा बसू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वासच नसतो. डोके दुखणे, मळमळणे आणि गुंगी हीच त्याची खूण.