नळदुर्ग : पाणीमहालापलीकडचं

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पंचेचाळीसेक किलोमीटरवर नळदुर्ग येतं. पावसाळ्यातल्या रविवारी इथे गाड्यांची रांग लागते ती पाणीमहालासाठी. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन याने बोरी नदीवर बंधारा घालून किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा उपदुर्ग जोडला, आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात महाल कोरून ठेवला. नर-मादी धबधबे डोक्यावरून कोसळत असतात. आत उभं राहिलं तर अंग कोरडं, खिडकीसमोर नुसता पाण्याचा पडदा. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराचं नाव मात्र सेल्फीच्या गर्दीत कुणाला ठाऊक नसतं.

एकेकाळी जिल्ह्याचं ठाणं इथेच होतं. ब्रिटिश अंमलात मेडोज टेलर हा अधिकारी याच किल्ल्यात राहून कारभार पाहायचा. पुढे कचेऱ्या धाराशिवला गेल्या आणि नळदुर्ग मागे पडलं.

पण १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे हे गाव पुन्हा मोक्याचं ठरलं. निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घ्यायला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचं भारतीय सैन्य सोलापूरकडून निघालं होतं आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती लागणं गरजेचं होतं. दुसऱ्या शीख पलटणीने तो घेतला. त्या चकमकीत हवालदार बचित्तर सिंग यांच्या मांडीत गोळ्या घुसल्या. तरी सरपटत पुढे जाऊन त्यांनी हातबॉम्बने समोरची मशीनगन बंद पाडली आणि तिथेच प्राण सोडले. पहिल्या अशोकचक्र विजेत्यांत त्यांचं नाव आहे. चारच दिवसांनी, १७ तारखेला, निजामाने शरणागती पत्करली.

जुनी माणसं या कारवाईला अजून ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ घडले तेही इथल्याच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत. ॲक्शननंतर जिल्ह्यातल्या मुसलमानांवर झालेले अत्याचार सुंदरलाल समितीने नोंदवले, ते १७ सप्टेंबरच्या भाषणांतून सहसा येत नाहीत.

पुढे मराठवाडा, म्हणजे संस्थानातला हा मराठी मुलूख, महाराष्ट्रात आला तो अटी न घालता. विकासाच्या अनुशेषाचं गाऱ्हाणं तेव्हापासून आजतागायत चालूच आहे. त्यासाठी १९९४ साली नेमलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदतही एप्रिल २०२० मध्ये संपली.

१७ सप्टेंबरच्या सुमारास बोरीला बऱ्याचदा पाणी असतं. धबधबा बघायला जाणारच असाल, तर परतताना नदीच्या पुलापाशीही दहा मिनिटं थांबा.